आजच्या दिवशी जन्मलेले

बोलिव्हियातल्या त्या खाणीच्या गावात दोन्या सेनोबिया, म्हणजे सेनोबियाबाई, रोज सकाळी चौकातल्या भोंग्यावरून सांगायची, आजच्या दिवशी पूर्वी काय घडलं आणि गावात कोणाचा वाढदिवस आहे.

अनेक वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला याच चौकात सैनिकांनी संपकरी कामगारांना गोळ्या घातल्या होत्या. म्हणून सरकारी कारकून अलिपियो तिच्या डोक्यावर येऊन उभा होता.

"फक्त वाढदिवस सांगायचे, दोन्या. गोळीबाराबद्दल ब्र काढायचा नाही."

"नाही काढत. तुझाही आजच ना रे वाढदिवस?"

या तारखेला जन्मलेल्या पोराला गाव त्या मेलेल्यांपैकीच एकाचं नाव ठेवायचं.

चघळायला गालात धरलेली कोकाची पानं बाजूला सारून सेनोबिया म्हणाली, "बासिलियो."

चौकात चिटपाखरू नव्हतं. भोंग्यातून पुरुषी आवाज आला, "हजर."

"एउसेबियो."

"हजर."

अलिपियोनं वायर उपटली. "आता बोल."

ती मुक्या माईकपाशी वाकली. "कास्तो."

"हजर," भोंगा म्हणाला.

मग तिनं मान वळवून त्याच्याकडेच पाहिलं. "अलिपियो."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. बोटांच्या फटींतून खाणीची धूळ खाल्लेला, म्हातारा, परका आवाज निघाला,

"हजर."