पानाची शेवटची ओळ

विद्यापीठाच्या वाद्यवृंदात प्लोवदिव शहरातलं कुणीही वाजवू शकतं. व्हायोलिनवाल्यांत माझ्या जोडीला दातांचे डॉक्टर ल्युबेनकाका. दोघांत स्वरलिपीची वही एकच, आणि पान उलटायचं ते प्रेक्षकांपासून लांबच्या, आतल्या खुर्चीतल्यानं. म्हणजे कायम मीच! पानाची शेवटची ओळ आली की मी वाजवणं सोडून कागद धरायचा आणि ती ओळ वाजवून भाव खायचा काकांनी. अख्खा हंगाम हेच! शेवटच्या मैफिलीला मी भडकलेच.

“काका, आज बाहेरच्या खुर्चीत मी बसणार. पानं तुम्ही उलटा!”

“बैस की, कालिनाबाई!” काका इतक्या चटकन सरकले, की भांडताही आलं नाही.

पान संपत आलं. काकांनी ऐटीत व्हायोलिन मांडीवर ठेवलं. आता ती ओळ माझी!

आणि ती मला येतच नव्हती. घरी सराव करतानाही मी तिथे पानच उलटत आले होते.