खोकणाऱ्या बायकांची नावं

शरदनं गठ्ठा सोडला आणि कागद घोंगडीवर पसरले. निपाणीच्या मोठ्या वखारीत तंबाखू चाळणाऱ्या साऱ्या बायकांची उत्तरं त्यात होती. उन्हाळाभर तो आणि नागुबाई गल्लोगल्ली हिंडले होते. प्रश्न तो विचारायचा. बायका बोलायच्या ते नागुबाईकडं बघून. तीही त्याच वखारीत चाळायला जायची.

"कुठनं सुरू करायचं, अण्णा?"

"खोकल्यापासून."

तो वाचून दाखवी, ती कागद डावीकडं नाहीतर उजवीकडं ठेवी. उन्हं चढेपर्यंत खोकणाऱ्यांचा ढीग घोंगडीबाहेर सांडला.

"एवढ्या जणी, आक्का?"

"खरं सांगितलंय सगळ्यांनी. तुमी शिकलेलं. कायतरी व्हईल म्हणून."

पुढचा कागद तिचाच निघाला. थुंकीत रक्त, वर्षभर. शरद वाचताना अडखळला. नागुबाईनं तो त्याच्या हातातून घेतला आणि आपल्या हातानं ढिगावर ठेवला. मग ती पाणी आणायला आडावर गेली.

तेवढ्यात मारुतीराव दारात आले. वखारीचे कारभारी. या पाहणीचा खर्च मालकच करत होते.

"मालकांना आकडे नकोत. नावं हवीत," ते म्हणाले. "खोकणाऱ्या बायका वखारीतनं बाजूला काढायच्या आहेत."

"कशासाठी?"

"ते मालक बघतील. बायकांच्या कानावर मात्र घालू नका."

ते गेल्यावर शरदनं ढिगाकडं पाहिलं. गेल्या दिवाळीला शेजारच्या वखारीनं खोकणाऱ्या बायकांना फाटकातूनच परत पाठवलं होतं. नागुबाईला नवरा नव्हता. पदरात एक पोर होती, बेबी. अशा कितीतरी घरांतल्या चुली त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

नागुबाईला त्यानं काही सांगितलं नाही. ती घरी गेल्यावर तो मोठा ढीग त्यानं न्हाणीतल्या बंबात घातला. एवढी पायपीट, एवढा विश्वास; पाणी तापायच्या आत सगळं जळून गेलं.

"नाव देण्यासारखं कुणी नाही," त्यानं मारुतीरावांना सांगितलं.

मारुतीराव त्याच्याकडं बघत राहिले. "नक्की?"

"नक्की."

"बरं. तसं कळवतो."

कुणाचंही काम गेलं नाही. शरदला बेळगावात शाळेत नोकरी लागली. निपाणीला आला की नागुबाई विचारायची, "आमच्या कागदांचं काय झालं, अण्णा?"

"चाललंय, आक्का."

"व्हय? मग बरं," म्हणून ती पदर तोंडाला लावायची.

थंडीत ती गेली. शरद पोचला तेव्हा माणसं स्मशानातून परतली होती. बेबी भिंतीला टेकून बसली होती. मारुतीराव तिच्याजवळ उभे होते.

"आईच्या जागी ये," ते तिला म्हणाले. "उद्या नको. परवापास्नं ये."

बेबीनं मान हलवली.

बाहेर आल्यावर त्यांनी शरदला विचारलं, "छातीचंच होतं न्हवं?"

 दोघं कोपऱ्यापर्यंत चालत गेले.

"मालकांची थोरली लेक अशीच गेली," मारुतीराव म्हणाले. "तिच्या नावानं त्यांनी बेळगुंदीच्या माळावर दवाखाना बांधला. डॉक्टर ठरवला, खाटा आणल्या. बाई बरी होईस्तोवर तिचा पगार घरपोच करणार होते. आधी सांगितलं असतं, तर साऱ्याच खोकायला लागल्या असत्या. म्हणून गप्प होतो आम्ही."

शरद जागीच थांबला.

"आणि तो दवाखाना?"

"आजारी माणूसच नाही म्हटल्यावर काय करणार? तंबाखूची पोती ठेवलीत तिथं."