हाताची शिवण

भाच्यानं घरी जुळवलेलं अर्धंमुर्धं विमान नऊशे किलोमीटर ट्रेलरवर हादरे खात धावपट्टीशी पोचलं, तेव्हा वरच्या ताडपत्रीच्या चिंध्या झाल्या होत्या. भाच्याचं तोंड उतरलं. "ती मशीनवर शिवलेली होती," आत्या म्हणाली. पंखांच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड मात्र तिनं हातानं शिवलं होतं. शाळेचे गणवेश शिवणारी बाई विमान काय शिवणार, असं म्हणून विमानाला उडायची परवानगी देणाऱ्या तपासनिसानं फोनवरच नाक मुरडलं होतं. एक टाका सैल निघाला, तरी सगळं कापड उतरवावं लागणार होतं. आता समोर येऊन त्यानं टाक्याटाक्यात नख घालून ओढलं, मग अंगठ्यांनी रेटलं. आत्या चष्मा पुसत राहिली. एकही टाका हलला नाही. तपासनिसानं कागदावर सही केली, पेन सवयीनं शर्टाच्या खिशात टाकलं. ते उसवलेल्या खिशातून थेट जमिनीवर पडलं. आत्यानं तोवर सुईत दोरा ओवला होता. "काढा शर्ट," ती म्हणाली.