पोटरीतला गोळा

"कोवळ्या फुटव्याला धरल्यागत काय धरता? जरा जोर लावा," चतुराबाई म्हणाली.

सावळीरामने तळहातावर आणखी कोमट तेल घेतलं. द्राक्षाच्या बागेत जन्म गेलेले हात होते त्याचे. त्याने तिची पोटरी खालून वर दाबत नेली. गुडघ्यावरची टाक्यांची रेघ सुकली होती. नवा गुडघा छान वाकत होता. सकाळीच ती वॉकर धरून मुलाच्या फ्लॅटच्या गॅलरीपर्यंत गेली होती आणि खाली भाजीवाल्याशी भांडून आली होती.

दारात योगेश आला. तिच्याकडून व्यायाम करून घ्यायला तो रोज यायचा.

"काय मावशी, आज जिना चढायचा ना?"

"आज नको रे बाबा. पोटरीत गोळा आलाय कालपासून. यांच्याकडून चोळून घेतेय."

योगेश हसतच पुढे आला. त्याने तिचे दोन्ही पाय शेजारी शेजारी पाहिले. ऑपरेशनचा पाय जाड दिसत होता. कातडी ताणून चकाकत होती. सावळीरामला ती चकाकी तेलाची वाटली होती. योगेशने पोटरीला पालथा हात लावला, आणि त्याचं हसू गेलं.

"मावशी, हलू नका हं. काका, जरा बाहेर या."

बाहेर आल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, पोटरीत गाठ झाली असं वाटलं तर लगेच फोन करा?"

"गाठ नाय ना पण. लय चाचपली. एक बी लागली नाय हाताला. नुसता गोळा हाय."

"काका, ती रक्ताची गाठ असते. आत, नसेत. हाताला लागत नाही. चोळलं तर सुटू शकते. सुटली की छातीत जाते, श्वासच अडतो."

सावळीरामने तेलकट हात अंगापासून लांब धरले.

"मंग... सुटली असंल का?"

योगेश ॲम्ब्युलन्सला फोन लावत होता. ती निघाली, पण द्वारका चौकातल्या गर्दीत अडकली.

"त्यांच्याजवळ बसा. उठू देऊ नका, घाबरवू नका. आणि त्या पायाला हात लावू नका."

आतून हाक आली. "अहो, थांबले काहून? आता कुठं बरं वाटाया लागलं व्हतं."

सावळीराम आत गेला. पलंगाच्या कडेला बसला. मग त्याने तिचा दुसरा, चांगला पाय धरला आणि चोळायला लागला.

"तो नाय ओ. ह्यो."

"ह्याच्यात बी गोळा यायला नको म्हणून."

"येडे झाले का तुम्ही!" ती हसली, आणि हसता हसता खोकली.

सावळीरामचे हात जागीच थांबले. तिने पुढचा श्वास घेतला, तेव्हा ते पुन्हा हलले.