सुऱ्यांची दाद

आधी एका पानाला पाण्याचा एक घोट पुरायचा. या आठवड्यात दर चार ओळींना लागत होता. झेनाइदाने ग्लास खाली ठेवला आणि पुढचा परिच्छेद सुरू केला.

उंचावरच्या खुर्चीतून तिला सिगार कारखान्याचं सगळं दालन दिसत होतं. दीडशे माणसं खाली मान घालून तंबाखूची पानं वळत होती. ती त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची: सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. हात कामात, कान तिच्याकडे.

डॉक्टरांनी घसा तपासला त्याला अकरा दिवस झाले होते. स्वरतंतूंवर दोन गाठी. “सहा आठवडे एक शब्द नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने घसा आणखी ताणला जातो. नाहीतर कापावं लागेल, आणि मग आवाज कसा राहील ते मला सांगता येणार नाही.”

हातातली कादंबरी संपली की कामगारांना सांगू, असं तिने ठरवलं होतं. ती संपली. कामगारांनी मतं देऊन दुसरी निवडली, आणि झेनाइदाने तिचं पहिलं पान उघडलं. वाचकही इथे मतांनीच निवडतात. महिनाभर खुर्ची रिकामी राहिली की पुन्हा मतदान. नव्या आवाजाला सरावलेले कान जुन्यासाठी थांबत नाहीत.

आज कादंबरीतली आई शेवटच्या घटका मोजत होती. मुलाला जवळ बोलावून ती म्हणाली, “दार लावून घे, बाहेर...”

झेनाइदाचा आवाज तिथेच फाटला. पुढचा शब्द ओठांवर आला, पण त्याला नाद नव्हता, नुसती हवा. ध्वनिवर्धकातून ती हवा दालनभर गेली. झेनाइदाने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच.

हात थांबले. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या एवेलिओने पान कापायची सुरी फळीवर आपटली. टक. टक. मग शेजारची. मग दीडशे सुऱ्या एकदम. इथे दाद अशीच देतात. वाचन आवडलं नाही, तर त्याच सुऱ्या जमिनीवर फेकतात.

“काय मेली गं ती!” एवेलिओ ओरडला. “चाळीस वर्षं ऐकतोय, इतकं छान कुणी मेलं नव्हतं.”

“काका, आधी डोळे पुसा, पान भिजतंय,” शेजारची मार्सेलिना म्हणाली. मग वर बघून, “झेनाइदाताई, तेवढं परत वाचा की! ते शेवटचं, श्वास अडकतो ते!”

“परत! परत!”

झेनाइदाने ओळीवर बोट ठेवलं. आवाज नीट लागला, तर सगळे हिरमुसतील. फाटला, तर पुन्हा सुऱ्या वाजतील, आणि उद्या, परवा, रोज त्यांना तसंच हवं असेल.

तिने पुस्तक मिटलं. दालन शांत झालं. तिने माइक इतका जवळ ओढला की ओठ जाळीला टेकले.

“ते मी मुद्दाम केलं नाही,” ती उरलेल्या, खरखरीत आवाजात म्हणाली. “माझा घसा गेलाय. उद्यापासून मी वाचणार नाही. दुसरं कुणीतरी निवडा.”