हक्कसोडपत्राची शिकवणी

"अक्का, तेवढा अंगठा लाव," निवृत्ती म्हणाला. भावानं आणलेली साडी मांडीवर ठेवून द्वारकाक्कांनी हक्कसोडपत्रावर अंगठा टेकवला. ठसा काही उमटेना.

"आधी काय समजलं ते सांगा," कागद मास्तरांसारखा म्हणाला.

"भावानं साडी दिली, मी अंगठा द्यायचा."

"साडी माझ्यात कुठेच नाही, अक्का. वडिलांच्या मळ्यातला तुमचा अर्धा हिस्सा मात्र जातोय. पुन्हा समजावू?"

कागदानं न कंटाळता तीनदा समजावलं. मग अक्कांनी सगळं बिनचूक सांगितलं, तशी ठशाची जागा उजळली.

अक्कांनी अंगठा पदरात गुंडाळला. "निवृत्ती, साडी भाऊबीजेची म्हणून घेते. अंगठा माझ्यापाशीच राहू दे."

"दादा, तुम्हाला काय समजलं?" कागदानं विचारलं.

"अर्धा मळा अक्काचा," निवृत्ती पुटपुटला.

"आणि साडी?"

"तीपण."