आडनळीशिवाय

"आडनळी नको," बालझान म्हणाली.

प्लंबर तोक्तार गुडघ्यांवर बसून घर तापवायचा रेडिएटर उघडत होता. त्यानं पाना खाली ठेवला. "आपा, नीट ऐका. तुमच्या घरातून वरच्या घराला गरम पाण्याची एकच नळी जाते. पाण्याला वळसा घालून पुढे जायला आडनळी न घालता ही कमीजास्त करायची चावी बसवली आणि तुम्ही शून्यावर फिरवली, की पाणीच अडलं. तुमचं घर गार आणि वरचंही गार."

"माझ्या कानाला काही झालेलं नाही. तू चावी बसव."

तोक्तार तिच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघत राहिला. मग कामाला लागला.

वर कुलाश राहत होती, बालझानची धाकटी बहीण. दोन मजल्यांची इमारत, खाली थोरली, वर धाकटी, आणि चार वर्षं अबोला. कारण सांगितलं तर परक्या माणसाला हसू येईल. कुलाशच्या मुलीच्या लग्नात मटणाचं ताट वाढताना गडबड झाली. कमरेचं मानाचं हाड व्याह्यांच्या ड्रायव्हरपुढे गेलं आणि सख्ख्या थोरल्या बहिणीपुढे आली नडगी. "मी काय वाटेवरची वाटले तुला?" असं भर पंगतीत म्हणून बालझान ताटावरून उठली होती.

कुलाश त्यानंतर तीनदा खाली आली. तिन्ही वेळा बालझाननं दार उघडलं नाही. चौथ्यांदा उघडायचं असं तिनं ठरवलं होतं, पण कुलाश चौथ्यांदा आलीच नाही.

आता बालझानला बहिणीची फार आठवण येई. दुपारी चारला वर किटली ठेवल्याचा आवाज झाला की तिचा जीव कासावीस होई. एकाच जिन्यावर राहून माणसाची आठवण यावी, याची तिला लाजही वाटे. पण थोरलीनं पायऱ्या चढून धाकटीकडे जायचं म्हणजे फारच झालं. लोक काय म्हणतील? थंडी वाजली की कुलाश आपणच खाली येईल, मग लगेच दार उघडायचं आणि दुधाचा चहा पुढे ठेवायचा. एवढाच बेत होता.

सोमवारी संध्याकाळी तिनं चावी शून्यावर फिरवली. बाहेर उणे अठ्ठावीस होतं.

मंगळवारी काचेला आतून बर्फ धरला. बालझान दोन रजया घेऊन दाराशी खुर्ची टाकून बसली. जिन्यात पाऊल वाजलं की ती केस सारखे करी. शेजारची आली, पोस्टमन येऊन गेला. कुलाश काही आली नाही. "हट्टी मेली," बालझान पुटपुटली, "लहानपणापासून अशीच."

बुधवारी सकाळपासून वर पावलंच वाजली नाहीत. दहा वाजले, अकरा वाजले. कुलाशचे गुडघे आधीच दुखरे, छातीही नाजूक. आपल्या मानापायी बहीण गारठून गेली तर? बालझाननं धावत जाऊन चावी पाचावर फिरवली आणि रेडिएटरवर हात ठेवून उभी राहिली. पाऊण तास झाला तरी लोखंड गारच होतं. काहीतरी बिघडलं, आणि ते आपण बिघडवलं.

मग मान, रीत, लोक सगळं खाली राहिलं. ती सपाता घालून जिना चढली आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागली. "कुलाश! अगं कुलाश, उघड!"

दार उघडलं. कुलाश समोर उभी होती. अंगात दोन स्वेटर, डोक्यावर नवऱ्याची जुनी केसाळ टोपी, नाक लालेलाल. तोंडातून वाफ निघत होती.

"चुकलं माझं," बालझान धापा टाकत म्हणाली. "मी मुद्दाम बंद केलं होतं. आता उघडलंय, पण गरमच होईना. तू ठीक आहेस ना?"

कुलाश दारातून बाजूला झाली. तिच्या मागे खिडकीखाली रेडिएटर दिसत होता. त्यालाही तशीच नवी कोरी पांढरी चावी होती, आडनळी नव्हती, आणि ती चावीही शून्यावर होती.

"मीही सोमवारपासून बंद करून बसलेय, आपा," कुलाश म्हणाली. "तू मला दार उघडत नाहीस. म्हटलं, भांडायला का होईना, वर तरी येशील."